हिशेब कोण चुकवतं?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मधे मधे आलेले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

आजची सुरुवात एका एक्सेल शीटपासून करतो. माझ्या लॅपटॉपवर एक फाइल आहे, तिचं नाव 'येणे'. त्यात एकच ओळ आहे. इंजिनिअरिंगला माझा एक रूममेट होता. नाव घेणार नाही. चार वर्षं एका खोलीत राहिलो, एका पातेल्यात मॅगी खाल्ली. नोकरी लागल्यावर दोनेक वर्षांनी एका रात्री त्याचा फोन आला. आईचं ऑपरेशन आहे, उद्या सकाळपर्यंत पैसे भरायचेत. मी १,८०,००० रुपये पाठवले. तेव्हा माझ्याकडे साठलेलं जे काही होतं, ते एवढंच होतं.

नंतर कळलं की ऑपरेशन वगैरे काही नव्हतंच. पैसे ऑनलाइन बेटिंगमध्ये गेले. त्याने फोन उचलणं बंद केलं. आणि मी, एक सभ्य इंजिनिअर, काय केलं? शीट बनवलं. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात रक्कम, तिसऱ्यात वर्षाला १२ टक्के चक्रवाढ व्याजाचा फॉर्म्युला. तीन वर्षांनी तो आकडा २,५२,८८७ झाला. मला ते पैसे मिळणार नाहीत हे माहीत होतं. तरी महिन्यातून एकदा फाइल उघडून बघायचो. खपली काढून बघतो ना आपण, तसं.

आता यात धर्म कुठून आला? सांगतो. आमचं घर ख्रिस्ती, नगरचं. दर रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. येशूने शिष्यांना शिकवलेली, मत्तयाच्या शुभवर्तमानातली. त्यात एक ओळ क्षमेची आहे, आणि मराठीत तिथे शब्द आलाय 'ऋण'. आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडलंय, तसं तू आम्हांला सोड, अशा अर्थाची ती मागणी आहे. लहानपणापासून हजार वेळा म्हटली असेल. पण त्या शीटनंतर मला ती म्हणता येईना. ओठ हलवायचो, आवाज नाही. आजी शेजारी बसायची. एकदा बाहेर पडताना म्हणाली, "काय रे, त्याच एका वाक्याला तुझा घसा बसतो होय?"

मी हसून वेळ मारून नेली. पण मागच्या महिन्यात एक गोष्ट झाली. दुपारी मीटिंगमध्ये होतो, फोन वाजला. यूपीआयवर २,००० रुपये जमा. पाठवणारा तोच. सोबत मेसेज नाही, काही नाही. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. म्हटलं, हा काय, भीक घालतोय?

म्हणून आजचा विषय. त्याग आणि क्षमा. ख्रिस्ती श्रद्धेत हे दोन शब्द जोडीने का येतात? 'सोडून दे रे' असं आपण सहज म्हणतो, त्यात आणि येशू जे मागतो त्यात फरक काय?

आधी एक गणित

मत्तयाच्या १८व्या अध्यायात पेत्र येशूला विचारतो, माझ्या भावाने माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू? सात वेळा? पेत्राला वाटलं असणार, आपण फारच मोठं मन दाखवलं. येशू जे उत्तर देतो त्याचं भाषांतर कुणी सत्त्याहत्तर वेळा असं करतं, कुणी सातांच्या सत्तर वेळा. आता गंमत बघा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, लामेख नावाचा एक माणूस बढाई मारतो की माझा सूड सत्त्याहत्तर पट असेल. सुडाचा तोच आकडा येशू उचलतो आणि क्षमेला लावतो.

मग तो गोष्ट सांगतो. एका राजाचा एक दास. त्याच्यावर कर्ज १०,००० टॅलंट. राजा ते माफ करतो. दास बाहेर पडतो, त्याला त्याचा सोबती भेटतो, ज्याच्याकडून याला १०० दिनार येणं आहे. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

आता इंजिनिअर म्हटल्यावर कॅल्क्युलेटर आलाच. एक दिनार म्हणजे त्या काळातली मजुराची एका दिवसाची मजुरी. एक टॅलंट म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे १०,००० टॅलंट झाले ६ कोटी दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता काम केलं तरी १ लाख ६४ हजार वर्षं. आज दिवसाची मजुरी ५०० रुपये धरली, तर ३,००० कोटी रुपये. आणि सोबत्याचं कर्ज? ५०,००० रुपये.

बहुतेक प्रवचनांत ३,००० कोटींवर भर असतो. मला मात्र ते ५०,००० जास्त महत्त्वाचे वाटतात. येशूने एक दिनार म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने शंभर म्हटलं. शंभर दिवसांचा घाम. म्हणजे तुझं नुकसान किरकोळ आहे, उगाच मनाला लावून घेतोस, असं तो म्हणत नाहीये. नुकसान खरं आहे, मोजता येतं, हे तो मान्य करतो. आणि मग विचारतो, तुझं स्वतःचं खातं बघितलंस का?

माझं खातं सांगतो. हे आधी कधी पॉडकास्टवर बोललो नाहीये. दोन वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी संध्याकाळी, मी एक बदल टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकला. रात्री सिस्टिम बंद पडली. सोमवारी मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, कुणाचं काम? माझ्या टीममध्ये एक ज्युनिअर मुलगा होता, त्याचं नाव त्या कामाला जोडलेलं होतं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने माझ्याकडे बघितलं. आणि मी लॅपटॉपकडे बघितलं. बस, एवढंच. तीन सेकंद. त्या वर्षी त्याचं रेटिंग घसरलं, पगारवाढ गेली.

चार महिन्यांनी मी त्याला कॅन्टीनमध्ये गाठलं आणि सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "दादा, मला तेव्हाच माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. माझ्या मनात काही नाही. पण तुम्ही मेलवर लिहा." मी लिहिलं. त्याची गेलेली पगारवाढ काही परत आली नाही.

माझ्या चुकीची किंमत त्या मुलाने भरली, आणि तरी माझ्याशी बोलला. असा माणूस मी, आणि घरी जाऊन १२ टक्क्यांचा फॉर्म्युला लावत बसलो होतो.

बळी कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे. राजाने कर्ज माफ केलं, मग ते ३,००० कोटी गेले कुठे? हवेत विरले का? नाही. कर्ज माफ होतं तेव्हा नुकसान नाहीसं होत नाही, ते देणाऱ्याच्या अंगावर येतं. बँकेने कर्ज माफ केलं तर बँकेच्या ताळेबंदात खड्डा पडतो. माणसाने क्षमा केली तर त्याच्या आत खड्डा पडतो. कुणीतरी भरतंच. माझ्या मते ख्रिस्ती श्रद्धेत त्याग आणि क्षमा इथे एकमेकांना भेटतात. क्षमेची किंमत जो भरतो, त्याच्या बाजूने बघितलं की तिचंच नाव त्याग.

याची मुळं यहुदी परंपरेत आहेत. लेवीयच्या १६व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी दिलाय. दोन बकरे आणायचे. एकाचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकाने हात ठेवून सगळ्या लोकांची पापं मोठ्याने कबूल करायची, आणि मग त्या बकऱ्याला जिवंत रानात सोडून द्यायचं. 'मोठ्याने कबूल करायची' हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चुका दडपून बकरा सोडता येत नाही. आधी नाव घेऊन सांगायच्या, मग सोडायच्या.

योहानाच्या शुभवर्तमानात येशूला देवाचा कोकरा म्हटलंय, ते याच जगातून आलेलं आहे. पण एक मोठा बदल आहे. इतर वेळी माणूस देवासाठी काहीतरी आणतो. इथे ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की देव स्वतः येतो आणि स्वतःला देतो. राजा वसुलीला माणसं पाठवत नाही, स्वतःच भरतो.

हे नेमकं कसं घडतं, यावर ख्रिस्ती लोकांचंही एकमत नाही बरं का. पहिल्या काही शतकांत अनेकांनी याला खंडणी म्हटलं, म्हणजे गुलामाला सोडवायला मोजलेली किंमत. अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्म नावाच्या विचारवंताने मांडलं की देवाच्या न्यायाची जी थकबाकी माणूस भरू शकत नव्हता, ती ख्रिस्ताने भरली. त्याच्यानंतर थोड्याच काळात आबेलार म्हणाला, वधस्तंभावरचं ते प्रेम बघून माणसाचं मन बदलतं, तारण तिथे आहे. वाद अजून चालू आहे. पण सगळ्यांना एक गोष्ट मान्य आहे. क्षमा फुकट मिळते, पण ती फुकटात तयार झालेली नसते.

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी दुपारी १२ ते ३ उपासना असते. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर मनन होतं. उन्हाळा, पंखे गरगर फिरतायत, लहान पोरं पेंगतायत. त्यातला पहिला उद्गार क्षमेचा. खिळे ठोकणाऱ्यांसाठी तो पित्याकडे क्षमा मागतो. आता हे बघा, तेव्हा कुणीही त्याची माफी मागितलेली नव्हती. शिपाई तर खाली त्याचे कपडे वाटून घेत होते. म्हणजे क्षमेची सुरुवात समोरच्याच्या पश्चात्तापाची वाट बघत थांबलेली नाही.

उदयनगरची गोष्ट

तुम्ही म्हणाल, हा येशू होता, आपण साधी माणसं. ठीक आहे. मग आपल्या शेजारच्या राज्यातली गोष्ट सांगतो.

मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात उदयनगर आहे. तिथे सिस्टर राणी मारिया नावाच्या एक नन काम करायच्या. मूळच्या केरळच्या. गरीब आदिवासी, शेतमजूर सावकाराच्या व्याजात अडकलेले असायचे. सिस्टर त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगायच्या, बचत करायला शिकवायच्या, सरकारी योजना मिळवून द्यायच्या. म्हणजे अगदी खरोखरच्या कर्जातून लोकांना सोडवायचं काम. ज्यांचा धंदा त्यावर चालायचा त्यांना हे खटकलं.

२५ फेब्रुवारी १९९५. सिस्टर बसने निघाल्या होत्या. समंदर सिंग नावाचा तरुण त्याच बसमध्ये होता. त्याला या कामासाठी भडकावण्यात आलं होतं. भर बसमध्ये, प्रवाशांसमोर, त्याने त्यांच्यावर चाकूचे पन्नासहून जास्त वार केले. त्या ४१ वर्षांच्या होत्या.

त्याला पकडलं, खटला चालला, जन्मठेप झाली. इथवरची गोष्ट आपल्याला समजते. पुढची समजायला अवघड आहे. राणी मारिया यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ साली तुरुंगात गेली आणि समंदर सिंगला राखी बांधून आली.

राखी. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा फोन खाली ठेवला. ज्या हाताने बहिणीला मारलं त्या मनगटावर राखी. यात केवढं काय आहे बघा. 'झालं गेलं विसरून जा' असं ती म्हणत नाहीये. राखी बांधताना तो हात हातात घ्यावाच लागतो. तो हात कुणाचा आहे, त्याने काय केलंय, हे टाळून ती गाठ मारताच येणार नाही.

पुढे त्याची लवकर सुटका व्हावी म्हणून कुटुंबाने साथ दिली. २००६ मध्ये तो सुटला. नंतर केरळला त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये कॅथलिक चर्चने राणी मारिया यांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. त्या सोहळ्याला समंदर सिंग हजर होता.

किंमत कुणी भरली? राणी मारिया यांनी जिवाने भरली, आणि सेल्मी यांनी उरलेल्या आयुष्यभर. एकीचा त्याग सगळ्यांना दिसला. दुसरीचा दिसायला वेळ लागतो.

थांबा, एक इशारा

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण क्षमेच्या नावाखाली लोकांना गप्प बसवलेलं मी बघितलंय. घरात मार खाणाऱ्या बाईला सांगतात, क्षमा कर, सहन कर, येशूने पण केलं. नाही. हे चूक आहे. राणी मारियांच्या गोष्टीत खटला झाला, शिक्षा झाली, त्याने अकरा वर्षं आत काढली. क्षमेने कायदा थांबवला नाही. तुम्ही धोक्यात असाल तर आधी तिथून बाहेर पडा, मदत घ्या, तक्रार करा. क्षमा नंतर, तुमच्या वेळेने. आणि ती तुमच्याकडून कुणी वसूल करू शकत नाही. वसूल केलेली क्षमा ही क्षमा नसते, ती खंडणी असते.

जर्मनीत डीट्रिख बोनहोफर नावाचे पाळक होते. हिटलरला विरोध केला म्हणून ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिलं. १९३७ च्या त्यांच्या पुस्तकात 'स्वस्त कृपा' अशी एक कल्पना आहे. पश्चात्ताप नाही, बदल नाही, नुसती माफी वाटत सुटायचं, याला ते चर्चचा शत्रू मानतात.

बायबलमध्येच बघा. येशूला पकडलं त्या रात्री पेत्राने कोळशाच्या शेकोटीजवळ उभं राहून तीन वेळा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर येशू त्याला तळ्याकाठी भेटतो. तिथे परत कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. आणि येशू त्याला विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा पेत्र दुःखी होतो. दुखणारच, जखम उघडून धुतल्यावर दुखतंच. पण त्याच बोलण्यात येशू त्याच्यावर कळपाची जबाबदारीही टाकतो.

आणि थोमा आठवा. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. आमच्या भाषेत सांगायचं तर, गिटमध्ये चुकीचा बदल 'रिव्हर्ट' करता येतो. चूक मागे घेतली जाते, पण इतिहासात ती नोंद राहते. कुणी, कधी, काय केलं, सगळं दिसतं. फक्त पुढचं काम आता त्या चुकीवर उभं राहत नाही. क्षमा मला तशी वाटते. आणि हो, क्षमा केली म्हणून ॲडमिनचा पासवर्ड लगेच परत द्यायचा नसतो. विश्वास हळूहळू कमवावा लागतो.

तर मग ते २,००० रुपये

मागच्या रविवारी नगरला गेलो होतो. आजीला सगळं सांगितलं, शीटसकट. तिने विचारलं, "व्याज कुणाला लावतोस, त्याला का तुला?" मी म्हटलं, "त्याला." ती म्हणाली, "त्याला तर ठाऊक बी नाही. फाइल तू उघडतो, पोटात तुझ्या दुखतं. मग भरतंय कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी तिसरा रकाना डिलीट केला. फक्त व्याजाचा. दुसरा, मूळ रकमेचा, तसाच ठेवला. एका रात्रीत तेवढंच जमलं, खोटं कशाला बोलू?

मग त्याला मेसेज लिहिला. चार वेळा लिहून खोडला. शेवटी गेला तो असा: 'पैसे मिळाले. उरलेल्या पैशांचा तगादा मी लावणार नाही. पण आईचं नाव घेऊन खोटं बोललास, ते मला लागलंय. त्याच्यावर एकदा समोरासमोर बोलू. आणि बेटिंग अजून चालू असेल तर सांग, सोबत डॉक्टरकडे जाऊ.'

पाठवल्यावर हात थरथरत होते. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण खरं सांगू? १,८०,००० पहिल्यांदाच गेल्यासारखे वाटले. इतके दिवस ते कागदावर तरी माझे होते. तेव्हा कळलं, किंमत भरणं म्हणजे काय. माझी शंभर दिनारांची छोटीशी किंमत.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही. येईल, न येईल. या रविवारी चर्चमध्ये ती ओळ आली तेव्हा मी म्हटली. मोठ्याने नाही, पण आवाज होता. आजी नव्हती शेजारी, तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता पुढच्या ओळी पण नीट म्हण."

तुमच्याकडे अशी एखादी फाइल आहे का? लॅपटॉपवर नसेल, मनात असेल. आज डिलीट करा असं मी सांगणार नाही. उघडून फक्त एवढं बघा की त्यातलं मूळ किती आहे आणि व्याज किती. आणि कुणाच्या तरी फाइलमध्ये आपलं नाव असेल, तर एक फोन करा. आज, इयरफोन काढल्यावर.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.